सायकलचे वाटाड्या यंत्र आणि नालछ्याची दरी

आपल्यातील पुष्कळांच्या घरी सायकल अजून आहे. दूध घालायला, मळ्यावर डबा न्यायला, मुलांना शाळेत जायला ती लागतेच. शिवाय मधुमेह व रक्तदाबासाठी डॉक्टर मंडळी सायकल चालवायला सांगतात, त्यामुळे पन्नाशीतले शेतकरी बंधूही सकाळी दहा-वीस किलोमीटरची फेरी मारताना दिसतात. अशा काहींच्या हँडलवर अलीकडे काडेपेटीहून थोडे मोठे असे एक यंत्र बसवलेले असते. किती अंतर झाले, वेग किती, हे तर ते सांगतेच. पण पुढे कोठे वळायचे तेही दाखवते. हे घेण्यासारखे आहे काय, असे आम्हाला तीन-चार जणांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वी आम्ही चौघे ते यंत्र घेऊन मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात फिरून आलो. घडले ते तसेच सांगतो. त्यात आमची फजितीही आहे.

प्रथम यंत्राविषयी. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसएक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा व वेळ सतत कळवत असतो. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपले अंतर काढते. शेतात तीन खुंट्यांना ठरावीक लांबीचे तीन दोर बांधून त्यांची टोके ताणून एकत्र आणली, तर ती एकाच ठिकाणी जुळतात; तसाच हा हिशेब आहे. यंत्रातले घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतके पक्के नसते, म्हणून ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. ही सोय मुळात सैन्यासाठी होती. मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जाई व जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ते बंधन उठल्यावर सायकलीला लावण्याजोगी यंत्रे उपयोगाची झाली. भारतानेही १ जुलै २०१३ रोजी आपला पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला; त्या मालिकेचे नाव ‘नाविक’.

मोकळ्या रानात आजचे यंत्र पाचएक मीटरच्या आत आपली जागा दाखवते. पण एक गोष्ट विकणारा सांगत नाही. उपग्रह फक्त तुम्ही कोठे आहात एवढेच सांगतात. रस्ता कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. रस्ता येतो नकाशातून, आणि नकाशा काढतात माणसे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर यातील पुष्कळशी यंत्रे चालतात. नकाशात भर घालणाऱ्याने पांदणीला रस्ता म्हटले की यंत्रही तिला रस्ताच म्हणते.

धार हे पवारांचे जुने मराठी संस्थान. १९४८ साली ते मध्य भारतात विलीन झाले. मराठी बोलणारी घरे तेथे अजून आहेत. अशाच एका घरी, पाहुण्यांकडे, आमचा मुक्काम होता. तेथून दक्षिणेस मांडूचा प्रसिद्ध किल्ला सुमारे ३५ किलोमीटर. वाटेवर, मांडूच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर, नालछा हे गाव लागते. आज ते साधे बाजाराचे गाव दिसते. पण तेराव्या शतकात जैन पंडित आशाधर यांनी येथेच राहून ग्रंथलेखन केले.

आदल्या रात्री आम्ही मोबाईलवर मार्ग आखला. हे काम सोपे आहे. निघण्याचे व पोचण्याचे ठिकाण दाखवावे, मधली गावे बोटाने नेमावी, की रेघ तयार होते. ती रेघ ‘जीपीएक्स’ नावाच्या फाइलमध्ये साठवून सायकलवरच्या यंत्रात उतरवायची. मग वाटेत मोबाईलला रेंज नसली तरी चालते. वळण आले की यंत्र पिपाणी वाजवते, रेघ सोडली की पुन्हा वाजवते. स्वस्तातल्या यंत्रात नुसती रेघ दिसते. महागात सगळा नकाशा असतो व वाट चुकल्यास ते नवी वाट काढून देते.

आमची चूक येथेच झाली. मोटारींचा त्रास नको म्हणून आम्ही ‘कमी रहदारीचा व जवळचा’ मार्ग मागितला. यंत्राने नालछ्यापुढे डांबरी सडक सोडून शेतांमधून रेघ ओढली. तीन किलोमीटर वाचत होते. आम्ही खूश झालो. चढउताराचे चित्रही पाहिले, पण ३५ किलोमीटरची वाट दोन बोटांच्या पडद्यावर दाबून बसवली असता खोल दरी म्हणजे एक बारीक खाच दिसते. शिवाय ही उंचीची आकडेवारी बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची असते. जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली. त्यात अरुंद दरीचे काठ घासून गुळगुळीत होतात.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सोयाबीनची काढणी चालू होती आणि दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता. माळव्याची काळी माती आपल्या काळ्या रानाचीच बहीण. वाफसा येण्याआधी तिच्यात चाक घातले की काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. अर्ध्या किलोमीटरात मडगार्ड व चाक यांच्यामध्ये माती ठासून भरली. काड्यांनी ती खरवडावी, दहा पावले जावे, पुन्हा खरवडावी. यंत्र मात्र समाधानी होते, कारण आम्ही रेघेवर होतो.

दुपारी तीन वाजता जमीन संपली. मांडूच्या डोंगराला माळव्याच्या पठारापासून तोडणारी काकडा खोह नावाची मोठी दरी आहे; तिच्याच एका फाट्याच्या काठावर आम्ही उभे होतो. पडद्यावर पलीकडचा काठ नऊशे मीटर दिसत होता. डोळ्यांसमोर तो होताही तेवढाच, पण मध्ये तळ दिसत नव्हता. एका पायवाटेने थोडे खाली उतरून पाहिले, तर यंत्रातील आमचा बाण इकडेतिकडे उड्या मारू लागला. कड्यांच्या मध्ये उपग्रहांचे संदेश खडकांवर आपटून येतात, त्याचा हा परिणाम.

तेवढ्यात आमच्यातील थोरले भाऊ खाली बसले. वय चौपन्न, रक्तदाबाची गोळी चालू. पोटऱ्यांत गोळे आले, डोके गरगरू लागले, अंग घामाने थंड पडले. प्रत्येकाजवळ पाण्याची एकच बाटली होती, कारण वाट ‘जवळची’ होती. आणि त्या बाटल्या माती धुण्यात निम्म्या संपल्या होत्या. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्ही घाबरलो. खाली दरी, मागे चिखल, आणि त्या दिवसांत तिकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दरीत अंधार त्याआधीच होतो.

बकऱ्या घेऊन एक भिल्ल शेतकरी त्या वाटेने वर आले. आम्ही यंत्र दाखवून विचारले, “काका, हा रस्ता मांडूला जातो ना?” त्यांनी यंत्राकडे पाहिलेच नाही. भाऊंकडे पाहिले आणि म्हणाले, “वाट आहे, पण बकऱ्यांची. आधी यांना सावलीत घ्या.” त्यांचे घर काठापासून हाकेच्या अंतरावर होते. आम्ही भाऊंना तेथे आडवे केले, पाय उशाला घोंगडी देऊन उंच ठेवले, कपडे सैल केले, ओल्या फडक्याने मान व काखा पुसल्या. मडक्यातील एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घोटघोट पाजले. तासाभरात भाऊ उठून बसले व बकऱ्यांची चौकशी करू लागले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

येथे आरोग्याची बाब थोडी विस्ताराने सांगतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर काढतात. अशी गोळी घेणाऱ्याने उन्हात लांब सायकल मारली तर शरीरातील पाणी लवकर तुटते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण मोठ्या फेरीपूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. आणि घाम थांबला, अंग तापले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. अशा वेळी पाणी पाजत बसू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने दवाखाना गाठावा. आमच्या भाऊंवर ती पाळी आली नाही, ही देवाची कृपा.

त्या काकांनी आम्हाला बांधाबांधाने पुन्हा डांबरी सडकेवर आणून सोडले. त्या रात्री आम्ही नालछ्यातच राहिलो. दुसऱ्या दिवशी सडकेनेच मांडूला गेलो. ती सडक खोहीजवळ उतरते व दरवाजांमधून पुन्हा चढते. चढ जड वाटला तेथे आम्ही सायकली हाती धरून चाललो. वर टपऱ्यांवर गोरखचिंचेची मोठी फळे विकायला होती. मांडूला यांची झाडे पुष्कळ. आतला आंबट गर चघळत गेल्यास तोंड सुकत नाही.

मग यंत्र टाकून द्यावे काय? नाही. उरलेले दोन दिवस त्याने आमची चांगली सेवा केली, कारण आम्ही मार्ग आखण्याची रीत बदलली. आता आम्ही आधी पाणी शोधतो. हापसे, शाळा, चहाच्या टपऱ्या नकाशावर खुणेने नोंदतो आणि त्यांच्यामधून रेघ नेतो. पूर्ण मार्गाचे चढउताराचे चित्र पाहून समाधान मानत नाही. पाच-पाच किलोमीटरचा तुकडा मोठा करून पाहतो. उपग्रहातून घेतलेले छायाचित्र उघडून रेघेखाली खरोखर डांबर आहे की हिरवे पीक आहे, हे तपासतो. परतायची वेळ घरीच ठरवतो. आणि गावांची नावे व अंतरे लिहिलेली कागदाची चिठ्ठी खिशात असतेच. यात कमीपणा काही नाही. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत जोडीने पुरी केली. त्या शर्यतीतसुद्धा वळणावळणाची नोंद असलेली मार्गपुस्तिका असते आणि मागच्या मोटारीतील माणसे स्वाराला वाट सांगत असतात.

सगळ्यांत उपयोगी पडले ते मात्र शेवटच्या गावात विचारणे. पण कसे विचारावे यालाही रीत आहे. “हा रस्ता मांडूला जातो ना?” असे विचारले की भला माणूस ‘हो’ म्हणतो, कारण वाट जाते हे खरेच असते. “तुम्ही स्वतः सायकलवर मांडूला निघालात तर कोठून जाल?” असे विचारावे.

निघताना त्या काकांची आठवण झाली, म्हणून आम्ही गूळ-शेंगदाणे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आता त्यांनी यंत्राकडे नीट पाहिले आणि विचारले, याने माझे शेत मोजून मिळेल काय? शेजाऱ्याशी बांधाचा वाद होता. सायकलचे यंत्र क्षेत्रफळ काढत नाही, पण मोबाईलवर तशी सोय असते. त्यांच्या एकरभराच्या तुकड्याला आम्ही बांधाने एक फेरी घातली, मग दुसरी. दोन आकड्यांत तीन गुंठ्यांचा फरक आला. पाचएक मीटरची चूक सायकलस्वाराला चालते, बांधाला चालत नाही. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार आता उपग्रहांचाच आधार घेणारे रोव्हर यंत्र आणतात, पण ते जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून सतत दुरुस्ती घेत असते आणि सेंटिमीटरांत मोजते. हे आम्ही त्यांना समजावून सांगितले व सरकारी मोजणीचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावा ते नालछ्यात विचारून कळवले. त्यांनी हसून आमचे दोन्ही आकडे काठीने मातीत लिहिले आणि मोठा होता तो ठेवून लहान पायाने पुसून टाकला.