चिठ्ठीत कोणाचं नाव?

माझी भाची यंदा बारा वर्षांची झाली. मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे बडोद्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेत सुझान कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' होतं. दोन दिवसांत पुस्तक संपवून तिने विचारलं, "मामा, चिठ्ठ्या काढूनच मुलं निवडतात ना? मग त्यात अन्याय कसला?"

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅनेम या काल्पनिक देशात कॅपिटॉल ही राजधानी बारा जिल्ह्यांवर राज्य करते. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. या २४ मुलांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचं आणि देशाने ते टीव्हीवर बघायचं.

ही कल्पना ग्रीक पुराणातून सुचली, असं लेखिकेनेच सांगितलं आहे. क्रीटचा राजा मिनोस याचा मुलगा अथेन्सच्या भूमीवर मारला गेला. त्याची भरपाई म्हणून अथेन्सने ठरावीक वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या. तिथल्या भुलभुलैयात मिनोटॉर हा बैलाच्या तोंडाचा राक्षस त्यांना खायचा. आपल्याला लगेच एकचक्रा नगरी आणि बकासुर आठवतो. तिथे भीम गेला, इथे राजपुत्र थिसिअस स्वतःहून निघाला.

प्लुटार्कने लिहिलेल्या थिसिअसच्या चरित्रात एक बोलकी गोष्ट आहे. चिठ्ठ्या निघायची वेळ आली की लोक राजावर चिडायचे. संकट ओढवलं राजामुळे आणि मुलं जाणार आमची, हा त्यांचा राग होता.

आता भाचीचा प्रश्न. मी कागद घेतला. पुस्तकात बाराव्या वर्षी प्रत्येकाची एक चिठ्ठी पडते आणि दरवर्षी एक वाढते. पण गरिबाला धान्य आणि तेल हवं असेल, तर घरातल्या प्रत्येक माणसामागे एक जादा चिठ्ठी टाकावी लागते. कॅटनिसच्या घरात तीन माणसं. म्हणजे दरवर्षी चार चिठ्ठ्या आणि सोळाव्या वर्षी वीस. खात्यापित्या घरातल्या त्याच वयाच्या मुलीच्या फक्त पाच. कॅपिटॉलच्या मुलांची एकही नाही. चिठ्ठी काढणारा हात प्रामाणिक असेलही, पण भांडं आधीच तिरकं ठेवलेलं आहे.

गंमत म्हणजे त्याच अथेन्समध्ये पुढे लोकशाही आली, तीही चिठ्ठ्यांवरच चालली. पाचशे जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडलं जायचं, दहा गटांतून प्रत्येकी पन्नास. सत्ता एकाच घराण्यात राहू नये, हा हेतू. चिठ्ठी तीच, पण एकीकडे मरण वाटणारी आणि दुसरीकडे अधिकार वाटणारी. मात्र त्या भांड्यातही स्त्रिया, गुलाम आणि परके यांची नावं नव्हती.

मतदानाचंही तसंच. मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात कॅपिटॉल हरतं. मग आता कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एक शेवटचा खेळ करायचा का, यावर पूर्वीचे सात विजेते मत देतात. चार विरुद्ध तीन, ठराव मंजूर. ज्या मुलांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना कोणी विचारलंच नाही.

एवढं ऐटीत समजावून झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, सोसायटीच्या पार्किंगचा ड्रॉ तूच काढतोस ना? त्यात वरच्या भाडेकरू काकूंचं नाव असतं?"

नसतं. तो प्रोग्राम मीच लिहिलाय. तीन वर्षं मी अभिमानाने सांगत आलो की माझ्या ड्रॉमध्ये वशिला चालत नाही. यादी मात्र फक्त घरमालकांची. काकूंचे यजमान काठी टेकत चालतात आणि त्यांची गाडी गेटबाहेर रस्त्यावर असते. 'यादी कमिटीने दिली, मी फक्त कोड लिहिला,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

गेल्या सभेत मी विषय मांडला. बराच वाद झाला आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या सभेला काकूंनाही बोलवायचं, एवढं मात्र ठरलं. निरोप द्यायला भाची स्वतः वर जाऊन आली.