तळघरात गालिचा घालताय? आधी जमिनीची ओल पाहा

ऊस कारखान्याला गेला, हातात चार पैसे खेळू लागले, की घराची डागडुजी आठवते. जुन्या वाड्याला तळघर असते, उतारावर बांधलेल्या नव्या घराखाली तळखोली असते. आजवर तिथे पोती, पाट्या आणि अडगळ. आता मुलांना अभ्यासाला जागा हवी, पाहुण्यांना निजायला खोली हवी. शहरातल्या नातलगांकडे पाहिलेला मऊ गालिचा मनात भरलेला असतो. हौस चांगलीच आहे. पण दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या जमिनीला विचारून घ्या.

आपला अहिल्यानगर जिल्हा दोन तऱ्हांचा. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडच्या रानांचे रूप पालटले. पण बारमाही पाटपाण्याच्या काळ्या जमिनीत ओलही बारमाही राहते. ती पायातून भिंतीत चढते, भिंतीला पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे पडतात. पारनेर, पाथर्डीकडे पाऊस कमी, म्हणून तिथे निर्धास्त राहावे असेही नाही. छपराचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल, तर चार सरींतही तळघर ओले होते.

ओल ओळखायची सोपी युक्ती सांगते. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद घ्या. जमीन पुसून कोरडी करा, कागद पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब जमले किंवा जमीन काळपट दिसली, तर ओल खालून येते आहे. थेंब वरच्या अंगाला असतील, तर ती हवेतली ओल आहे. ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करा. एकट्या उन्हाळ्याच्या भरवशावर राहू नका.

खालून ओल येत असेल, तर गालिचा हा त्यावरचा इलाज नव्हे. आधी छपराला पन्हळ लावा, भिंतीजवळची माती बाहेरच्या बाजूला उतरती करा, न्हाणीचे पाणी लांब काढा. जमीन नव्याने करायची असेल, तर मुरूम चोपून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि मग काँक्रीट टाकावे. नवे काँक्रीट लगेच झाकू नका. दर इंचाला साधारण महिनाभर वाळायला द्यावा लागतो. चार इंच जाडी असेल, तर चार महिने थांबा.

हवेतल्या ओलीचे गणित वेगळे आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसा पावसाळी हवेने तळघराच्या गार फरशीला येतो. म्हणून कुंद दिवसांत खिडक्या सताड उघड्या टाकू नका. कोरडे ऊन पडले, की मात्र जरूर उघडा.

आता अंथरायचे काय? रबरी पाठीचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा ओलीला खाली कोंडतो. मग बुरशी धरते, कुबट वास सुटतो आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. त्यापेक्षा सुटे तुकडे घ्या, भिंतीपासून वीतभर जागा मोकळी सोडा. आपली घोंगडी काय वाईट आहे? लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मात्र तिलाही अधूनमधून ऊन दाखवावे लागते, नाहीतर कसर लागते. गालिचा भिजलाच, तर एक-दोन दिवसांत, म्हणजे 24 ते 48 तासांत, पुरता वाळवा. नंतर बुरशीला आवरणे कठीण.

आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. तळघरात धान्य ठेवून त्यात कीड मारायच्या गोळ्या टाकल्या असतील, तर तिथे कुणालाही निजवू नका, मुलांना अभ्यासालाही बसवू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्या ओल लागताच विषारी वायू सोडतात. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि बंद खोलीत कोंडून राहतो. जमिनीवर निजलेल्या माणसाला जाग येण्याआधीच घात होऊ शकतो. फवारणीची औषधेही तिथे नकोत. त्यांचा अंश गालिच्यात मुरतो आणि रांगते मूल तेच हात तोंडात घालते. माणसे राहणार असतील, तर धान्य आणि औषधे दुसरीकडे हलवा, मगच खोली सजवा.

आपल्या आज्या सकाळी उठल्याबरोबर अंथरूण गुंडाळून ठेवीत. शेणाने सारवलेली जमीन दिवसभर उघडी राही आणि रात्रीची ओल उडून जाई. त्या शिस्तीत आळस झटकण्यापेक्षा अधिक काही होते. नवा गालिचा आणा, पण उचलता येईल असाच आणा. आठवड्यातून एकदा तो उन्हात टाका आणि खालच्या जमिनीवर तळहात ठेवून पाहा. हाताला गारवा आणि ओलसरपणा लागला, तर गालिचा आठ दिवस दोरीवरच राहू द्या.