सही करण्यापूर्वीं

पावसाळा लागला कीं घरोघरीं मुलांच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. गुणपत्रिका, दाखले, छायाचित्रें यांच्या चळतींत एक प्रतिज्ञापत्रही असतें. ‘मी कोणाचा छळ करणार नाहीं’ असें विद्यार्थ्यानें आणि ‘आमचें मूल तसें वागणार नाहीं’ अशा अर्थाचें पालकांनीं लिहून द्यावयाचें असतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनीं हें सक्तीचें केलें. आपल्यापैकीं कितीजणांनीं तें सही करण्यापूर्वीं वाचलें असेल? आम्ही हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारला आणि उत्तर देतांना आम्हांस संकोच वाटला.

कराडशेजारच्या मलकापूरचेंच पाहा. येथें १९८४ सालीं कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघालें, २००५ सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज तें कृष्णा विश्व विद्यापीठ या नांवानें ओळखलें जातें. दूरदूरचीं मुलें येथें वसतिगृहांत राहून वैद्यकी शिकतात. हें नांव आम्ही कोणास दोष देण्यासाठीं घेत नाहीं. ज्या मुलखांत हें विद्यापीठ उभें आहे, त्या मुलखानें विद्यार्थ्यांतील भेदभावाचें दुःखही पाहिलें आहे आणि त्यावरचा उपायही, म्हणून घेतों.

याच कराड तालुक्यांतील मसूर स्टेशनावर १९०१ सालीं नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर आपल्या भावाबरोबर व भाच्यांबरोबर उतरले होते. मुलांचे स्वच्छ कपडे पाहून स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली. जात कळतांच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडें कबूल केलें तरी गाडीवान गाडी हांकण्यास तयार होईना. मुलांनीं गाडी स्वतः हांकावी आणि त्यानें बरोबर पायीं चालावें, असें ठरलें. वाटेंत प्यावयास पाणीसुद्धां मिळालें नाहीं. साताऱ्याच्या शाळेंतही त्यांना घरून आणलेल्या तरटावर निराळें बसावें लागे, आणि शिपायानें नळ सोडल्याखेरीज पाणी पितां येत नसे.

त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांनीं, १९१९ सालीं, याच तालुक्यांतील काले गांवीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं वसतिगृह काढलें. त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस जेवत. भेदभाव आधीं ताटापाशीं मोडावा लागतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां कायद्यानें काय दिलें आहे, तें पाहूं. महाराष्ट्रांत १९९९ सालीं रॅगिंगविरोधी कायदा झाला. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आंत संस्थाप्रमुखानें चौकशी करावी. प्रथमदर्शनीं तथ्य आढळल्यास विद्यार्थ्यास निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवावें. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तक्रारीकडे काणाडोळा करणारा प्रमुख गुन्ह्यास साह्य करणाराच मानला जातो.

लैंगिक छळासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं विशाखा खटल्यांत मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं. २०१३ सालीं कायदा झाला आणि २०१५ सालीं आयोगानें विद्यापीठांसाठीं नियम केले. त्यांप्रमाणें प्रत्येक संस्थेंत अंतर्गत समिति असावी लागते. अध्यक्षस्थानीं ज्येष्ठ प्राध्यापिका, किमान निम्म्या स्त्रिया, एक सभासद बाहेरचा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचें असल्यास विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधि, अशी तिची रचना आहे. कुलगुरु, कुलसचिव, विभागप्रमुख यांना तींत जागा नाहीं. अधिकाराचें दडपण न्यायावर पडूं नये, हा हेतु. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. ज्या शिक्षकावर आरोप आहे, त्याच्याकडे त्या विद्यार्थिनीच्या कामाचें मूल्यमापन राहूं नये, अशी तरतूद मधल्या काळांत करतां येते. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाहीं.

परंतु तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळूं शकतात. येथें आपल्या घरांचा प्रश्न येतो. मुलगी रात्रीं फोनवर सांगते, ‘मला येथें राहवत नाहीं.’ आजी म्हणते, ‘बाईच्या जातीनें थोडें सोसावें.’ काका म्हणतात, ‘इतका पैसा भरला, आतां वर्ष फुकट घालवूं नकोस.’ वडील म्हणतात, ‘दिवाळीला ये, मग पाहूं.’ सगळेच तिच्या कल्याणासाठीं बोलतात आणि सगळ्यांच्या बोलण्यांत तीन महिने निघून जातात. चार लोक काय म्हणतील या धास्तीपायीं जी तक्रार घरांत दडपली जाते, तिच्यापुढें विद्यापीठाची समिति काय करणार?

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आमचें मूल नेहमीं सोसणाऱ्यांतच असेल, असें कशावरून? २०१२ सालीं आयोगानें जातीय भेदभावाविरुद्ध जे नियम केले, त्यांत वर्गांत राखीव जागेवरून नांवें ठेवणें, जातीवाचक टोमणे मारणें, खानावळींत वा वसतिगृहांत वेगळें पाडणें या गोष्टी स्पष्ट निषिद्ध ठरविल्या होत्या. ‘तो काय, कोट्यांतला!’ हें वाक्य मूल शिकतें कोठें? पुष्कळदां आपल्याच पंगतींत, आमटी वाढली जात असतांना. घरांत सहज टाकलेला शब्द वसतिगृहांत दुसऱ्याच्या जिवास डंख करतो.

मे २०१९ मध्यें मुंबईच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजांतील तरुण डॉक्टरनें आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप होऊन प्रकरण न्यायालयांत गेलें. घरच्यांनीं आधींच महाविद्यालयाकडे गाऱ्हाणें नेलें होतें, असें त्यांचें म्हणणें आहे. म्हणून घरानें ऐकून थांबूं नये. दिनांकवार टिपण ठेवावें, निरोप व पत्रें जपावीं, तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोंच घ्यावी. रॅगिंगसाठीं आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनि आहे. तो मुलाच्या वहींत लिहून द्यावा.

आमची सूचना साधी आहे. प्रतिज्ञापत्र हातीं आलें म्हणजे रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना बसवावें आणि तें मोठ्यानें वाचावें. मग मुलाला दोन वाक्यें सांगावींत : ‘तुला कोणी छळलें तर त्याच दिवशीं सांग, आम्ही तुझ्या पाठीशीं आहों. आणि तुझ्याविषयीं कोणाची खरी तक्रार आली, तर आम्ही त्याच्या पाठीशीं राहूं.’ दुसरें वाक्य उच्चारणें जड जातें, हें आम्ही जाणतों. पण तें उच्चारतां आलें, तरच त्या कागदावर सही करावी.