केबल पाच व्होल्टची, धूर राळेचा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले चिखला ओळखले जाते ते मँगनीजच्या खाणीमुळे. मॉइलची ही खाण भूमिगत आहे. याच पट्ट्यातली डोंगरी बुजुर्गची खाण उघडी असून तिथले मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते. धातूची धूळ नाकातोंडातून शरीरात जाते, हे खाणीच्या गावाला नव्याने सांगावे लागत नाही. पण अलीकडे अशा गावांत धातू हाताळण्याची आणखी एक जागा तयार झाली आहे, आणि तिच्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. ती म्हणजे मोबाइल दुरुस्तीची टपरी.

तिथे येणारा सर्वांत अवघड रुग्ण म्हणजे 'डेड' फोन. अपडेट चालू असताना बॅटरी संपली, किंवा कोणीतरी चुकीचे सॉफ्टवेअर टाकले, की पडदा काळा पडतो. बटण कितीही दाबा, फोन हूं की चूं करत नाही. अडकते मात्र बरेच काही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा असतो, रक्ततपासणीच्या रिपोर्टचे फोटो त्यातच असतात, आभा कार्ड त्यात असते, जिल्हा रुग्णालयाने दिलेली पुढची तारीखही त्यातच असते. शहरातल्या कंपनीच्या सेवा केंद्रात जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मग गावातला कारागीर खणातून एक विचित्र केबल काढतो. नेहमीचीच यूएसबी केबल, फक्त मध्यावर एक छोटे बटण जोडलेले.

ही केबल काय करते, ते शरीराच्या उदाहरणाने समजते. माणूस गाढ बेशुद्ध असला, विचार आणि बोलणे बंद पडले, तरी मेंदूच्या बुडाशी असलेले श्वासाचे केंद्र काम करत राहू शकते. फोनमध्येही तसेच आहे. अँड्रॉइड, अ‍ॅप्स, फोटो हा सगळा वरचा मजला. त्याच्या खाली, मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो. तो पुसला जात नाही. क्वालकॉम कंपनीच्या चिपमधला हा प्रोग्राम सुरू होताना काही खुणा तपासतो. ठरावीक खूण दिसली तर वरच्या मजल्याची वाट न पाहता तो थेट संगणकाकडून सॉफ्टवेअर घ्यायला तयार होतो. संगणकाच्या पडद्यावर तेव्हा '9008' हा आकडा असलेले उपकरण दिसू लागते, आणि कारागिराचा जीव भांड्यात पडतो.

ती खूण द्यायचे काम केबलचे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेत 5 व्होल्ट, काळी म्हणजे अर्थिंगची बाजू, आणि हिरवी व पांढरी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. कारागीर केबलचे वरचे आवरण थोडे सोलतो, लाल आणि पांढरी तार तशीच सोडतो, हिरवी व काळी किंचित उघडी करून त्यांच्यामध्ये बटण जोडतो. बटण दाबले की या दोन तारा एकमेकींना मिळतात. फोन बंद ठेवून, बटण दाबून धरून केबल संगणकाला लावायची आणि काही सेकंदांनी बटण सोडायचे, एवढीच ही युक्ती. ती प्रत्येक फोनवर चालत नाही. क्वालकॉमच्या काही मॉडेलवरच चालते, आणि नव्या फोनमध्ये कंपन्यांनी ही वाट बऱ्यापैकी बंद केली आहे. जुन्या सॅमसंग फोनसाठी याचीच चुलत बहीण होती. मायक्रो यूएसबीच्या पिनेमध्ये 301 किलोओहमचा रोध जोडायचा. तो मिळाला नाही की कारागीर 100 किलोओहमचे तीन रोध एकापुढे एक जोडून काम भागवत.

आता धोक्याचे. लोकांना पहिली भीती वाटते ती शॉक लागण्याची, आणि या केबलच्या बाबतीत तीच सर्वांत कमी खरी आहे. कोरड्या त्वचेला 5 व्होल्ट जाणवतही नाहीत. हिरवी आणि काळी तार जोडल्याने वीजपुरवठ्याची तार कुठेच अडकत नाही. गडबड होते ती लाल आणि काळी तार चुकून चिकटली तर. संगणक असेल तर तो बहुधा पुरवठा तोडतो, पण रस्त्यावर घेतलेला स्वस्त चार्जर तसे करेलच असे नाही, आणि मग तार तापते. खरा जीवघेणा शॉक बसतो तोही अशाच चार्जरमुळे, कारण त्यात 230 आणि 5 व्होल्टच्या मधला आडपडदा कच्चा असतो. म्हणून अशी केबल संगणकालाच लावावी, आणि घरच्या चार्जरवर बीआयएसची खूण व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहावे.

उलट, ही केबल नसेल तर त्याच कामासाठी फोन उघडावा लागतो. मागचे झाकण गरम हवेने सैल करायचे आणि बॅटरीच्या शेजारीच चिमट्याने पाटीवरचे दोन बिंदू जोडायचे. लिथियमच्या बॅटरीतला द्रव पेट घेणारा असतो. तिला टोच पडली किंवा ती फार तापली तर काही क्षणांत भडका उडतो, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसे जाळणारा वायू असू शकतो. डॉक्टरच्या नजरेतून पाहिले तर फोन न उघडता काम करणारी दहा रुपयांच्या बटणाची ही केबल दोन मार्गांतला सुरक्षित मार्ग आहे. तिला 'जुगाड' म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

नाकाचा प्रश्न येतो तो ती बनवताना. बटण जोडायला सोल्डरिंग करावे लागते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या सोल्डरच्या तारेत साधारण 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे असते. आयर्न टेकवताच जो पांढरा धूर उठतो तो शिशाचा आहे, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. शिशाची वाफ व्हायला 1,700 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते, आणि आयर्नचे टोक असते साडेतीनशेच्या आसपास. तो धूर राळेचा असतो. तारेच्या पोटात भरलेली चिडाच्या झाडाची राळ जळते आणि थेट खाली वाकलेल्या चेहऱ्यावर येते. राळेच्या धुराने होणारा दमा हा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतला जुना, ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. त्याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोकला आणि छातीतली घरघर दुकान बंद असलेल्या दिवशी कमी होते आणि दुकान उघडले की परत येते.

मग शिसे कुठे जाते? ते बोटांवर राहते. सोल्डरची तार चिमटीत धरायची, टोक पुसायचे, टेबलावरचे कण हाताने झटकायचे, आणि त्याच हाताने खर्रा तोंडात टाकायचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले मिश्रण. ते दिवसातून कितीदा तोंडात जाते याची गणती खाणाराही ठेवत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे कारण म्हणून खर्रा बदनाम आहेच, पण दुरुस्तीच्या टेबलावर तो शिसे पोटात नेणारे वाहनही होतो. पोटात गेलेले शिसे हाडांत साठते आणि तिथे अनेक वर्षे मुक्काम करते. एखादी केबल बनवल्याने कोणाला विषबाधा होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. प्रश्न रोज आठ-दहा तास हेच काम करणाऱ्याचा आहे, आणि दुकानातच खेळणाऱ्या त्याच्या लहान मुलाचाही. गिळलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते.

पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी होणे, वाढलेला रक्तदाब ही शिशाची लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की ती सहज निसटतात. या भागात रक्त कमी दिसले की आधी लोहाचा आणि सिकलसेलचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. शिशाचा विचार मात्र यादीत येतच नाही.

खाणीशी तुलना इथे उपयोगी पडते. मँगनीजची धूळ मेंदूवर परिणाम करते, हे ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरने 1837 मध्ये नोंदवले होते. खनिज दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडलेली त्याला दिसली होती. आज खाणकामगाराची भरतीच्या वेळी आणि पुढे ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या तरुणाला असे कोणतेही छत्र नाही. तो कामगार नाही, तो दुकानाचा मालक आहे. म्हणून त्याची फुप्फुसे आणि त्याचे रक्त तपासण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

त्याला स्वतःला करण्यासारखे थोडे आहे, पण ते कामाचे आहे. जुन्या संगणकातला पंखा टेबलाच्या मागे, धूर चेहऱ्यापासून दूर बाहेर ओढेल असा लावायचा. तोंडावर वारा मारणारा पंखा धूर फक्त खोलीभर पसरवतो. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे. नुसते पाणी किंवा कापड पुरत नाही. शिसेमुक्त तार घेतली तर शिशाचा प्रश्न सुटतो, पण ती वितळायला सुमारे 217 अंश लागतात, आयर्न अधिक तापवावे लागते, आणि राळेचा धूर तितकाच येतो. म्हणजे पंखा तरीही हवाच. फुगलेली बॅटरी दुकानाच्या खणात साठवायची नाही.

ग्राहकानेही फोन देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: यात माझा डेटा जाईल का? या मार्गाने सॉफ्टवेअर भरताना तो बहुधा पुसला जातो. फोन जिवंत झाला तरी रिपोर्टचे फोटो परत येत नाहीत, म्हणून त्यांची एक कागदी प्रत घरी असावी.

आणि हा कारागीर खोकला घेऊन दवाखान्यात आला, तर केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'दुकान' एवढेच लिहिले जाते. किराणा दुकानदाराच्या आणि त्याच्या कागदात मग काहीच फरक उरत नाही. 'सोल्डरिंग करतो, दिवसाला इतके तास' हे त्याने आपणहून सांगितले, तर रक्तातले शिसे तपासण्याचा विचार निदान सुरू तरी होतो.