पाणी न पिणाऱ्या बाया : मढच्या किनाऱ्यावरून मूत्रविकारांचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘न वेगान् धारणीय’ असे आहे. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे हा अध्याय सांगतो. त्यांत पहिले नाव मूत्रवेगाचे आहे. तो अडवल्यास ओटीपोट दुखते, लघवीला त्रास होतो, डोके दुखते, अशी लक्षणेही दिली आहेत. उपदेश रास्त आहे. पण वेग अडवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. मढच्या कोळीवाड्यात बायांशी बोलू लागल्यावर मला या गृहीतकाचीच शंका येऊ लागली.

मालाडहून मार्वेमार्गे रस्त्याने किंवा वर्सोव्याहून होडीने मढला पोहोचता येते. नारळी पौर्णिमेनंतर इथे हंगाम भरात येतो. पुरुष होड्या घेऊन समुद्रात जातात. मासळी निवडणे, वलांडीवर बोंबील वाळत घालणे आणि बाजारात विक्रीला बसणे ही कामे बायांची. पहाटे निघालेली बाई दुपार टळेपर्यंत पाटीसमोरून हलत नाही. “पाणी किती पिता, मावशी?” असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते : “पिऊन जायचं कुठं?” पाटी सोडून जावे तर माल कोण राखणार आणि गिऱ्हाईक कोण सांभाळणार, हा प्रश्न. जवळ शौचालय असलेच तर ते स्वच्छ असेल, त्याला कडी असेल, याची खात्री नाही. म्हणून तहानच मारायची, हा त्यांनी काढलेला तोडगा.

या तोडग्याचे शरीरात काय होते? हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येकात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे ते राखून ठेवतात. लघवी थोडी, गडद आणि क्षारांनी दाट होते. दाट लघवीत स्फटिक जमतात; तोच पुढे मुतखडा. ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटेही पाणी जाते, त्यामुळे हा धोका वाढतो.

मूत्राशय ही लवचीक स्नायूंची पिशवी आहे. दीड-दोनशे मिलिलिटर साठल्यावर पहिली जाणीव होते. चारशे-पाचशेपर्यंत ती धरून ठेवता येते. एखाद्या दिवशी धरून ठेवल्याने बिघडत नाही. पण रोज तासन्‌तास ताणली गेलेली पिशवी हळूहळू पूर्ण रिकामी होईनाशी होते आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटरचा. म्हणून आतड्यातले ‘ई. कोलाय’ जंतू स्त्रीच्या मूत्राशयात सहज शिरतात. लघवी वारंवार होणे हा या जंतूंना बाहेर धुऊन टाकण्याचा निसर्गाचा उपाय आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितले गेले. वर्षभरात त्यांचे संसर्ग इतरांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. औषध म्हणून फक्त पाणी!

लघवीला जळजळ, सारखी घाई, रक्त ही मूत्राशयाची तक्रार. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे आणि उलटी असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची शक्यता असते. तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

मूत्रपिंडाचा दीर्घ आजार मात्र बोलत नाही. निम्मे काम थांबेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन फारसे वाढलेले दिसत नाही. त्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. म्हणून हे विकार असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही तपासावे; गाळणी झिरपू लागल्याचे ते लवकर सांगते. मिठाचा हिशेबही इथेच येतो. बोंबील सहसा मीठ न लावता उन्हात वाळवतात, पण खारवलेली मासळी, लोणचे, पापड यांतून दिवसाचे ५ ग्रॅम मीठ कधी ओलांडले जाते ते कळत नाही. दिवसभर उकिडवे बसून दुखणाऱ्या कमरेसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ही आणखी एक छुपी हानी. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात.

इथवरचा सल्ला कोणताही डॉक्टर देईल. पण ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य मढच्या बाईला सांगताना माझी जीभ अडखळते. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने नेमके यावर बोट ठेवले : पुरुषांना मुतारी फुकट, स्त्रियांना मात्र पैसे मोजावे लागतात. ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने पुणे महापालिकेविरुद्ध केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरवले. एका मराठी मासिकाने लघवीचा प्रश्न न्यायालयात नेला, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मूत्रपिंडांचे आरोग्य पेल्यातल्या पाण्यावर अवलंबून आहे, हे खरेच. पण तो पेला ओठांशी नेण्याचे धैर्य बाजारातल्या एका दारावर अवलंबून आहे : ते जवळ असावे, आतून कडी लागावी आणि आत पाणी असावे. चरकाचा उपदेश पाळायचा तर आधी हे दार हवे.