पडद्याची बायोप्सी

हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीच्या मागच्या नळीतून धूर येत नाही, येते ती पाण्याची वाफ. तिच्या 'फ्युएल सेल'मध्ये, म्हणजे इंधन घटात, केसाहूनही पातळ पडदा असतो. हायड्रोजनचे प्रोटॉन त्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो. तोच विजेचा प्रवाह.

प्रोटॉनची वाट जेमतेम काही नॅनोमीटर रुंदीच्या, पाण्याने भरलेल्या मार्गांतून जाते. 'नॅफियॉन' हा प्रचलित पडदा सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सुकू लागतो आणि वीज मंदावते. म्हणून संशोधक पॉलिमरमध्ये पाणी धरून ठेवणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिसळतात. हा संकरित पडदा.

कण एकसारखे पसरले तर फायदा होतो. त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर कडेने भेगा पडू शकतात. भेगेतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन थेट भेटले की उष्णता वाढते, छिद्र मोठे होते आणि घट निकामी होतो.

या गुठळ्या शोधण्यासाठी पडद्याचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडतात आणि मोडलेली कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी बायोप्सीसारखीच आणि मर्यादाही तशाच. एका तुकड्यावरून साऱ्या पडद्याचा निकाल देता येत नाही. शिवाय नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या निर्वातात पाणी उडून जाते. दिसतो तो सुकलेला पडदा. त्यामुळे चित्र निर्दोष आले तरी पडदा प्रत्यक्ष घटात बसवून, तासन् तास चालवूनच पारखावा लागतो.