विमानतळ बंद आहे, हे वैमानिकाला कधी आणि कसं कळतं?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. श्रीनगर, अमृतसर, चंदीगड, जोधपूर, जामनगर अशी नावं त्या यादीत होती. बंदची मुदत होती १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत.

साडेपाच का नाही? ५.२९ ही कसली वेळ?

उत्तर साधं आहे. जगभरातली विमानवाहतूक यूटीसी नावाच्या एकाच घड्याळावर चालते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. सूचनेतली खरी वेळ होती १४ मे, रात्री २३.५९. तीच आपल्याकडे पहाटेची ५.२९ होते.

वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या या सूचनेला 'नोटॅम' म्हणतात. विमानतळ बंद असणं, धावपट्टीवर काम सुरू असणं, दिवे बिघडलेले असणं, जवळ उंच क्रेन उभी असणं, अशी उड्डाणाशी संबंधित प्रत्येक तात्पुरती गोष्ट नोटॅममधून कळवली जाते. भारतात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं.

विमानांचा मेगाब्लॉक

आसनगाव-कसाऱ्याहून मुंबईला ये-जा करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. रविवारी बाहेर पडण्याआधी आपण ब्लॉक कुठून कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत आहे ते बघतो. मुंबई विमानतळाचाही असा ब्लॉक असतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. त्याचा नोटॅम सहा महिने आधीच निघाला होता, त्यामुळे विमान कंपन्यांना वेळापत्रक बदलायला भरपूर वेळ मिळाला.

फरक एवढाच, की पुढे रूळ बंद असेल तर लोकल कल्याणला उभी राहू शकते. विमान हवेत उभं राहू शकत नाही. म्हणून वैमानिक ही चौकशी एकदा नाही, अनेकदा करतो.

उड्डाणाआधी काय बघतात?

कंपनीच्या कार्यालयात 'डिस्पॅचर' नावाचा अधिकारी प्रत्येक उड्डाणाचा आराखडा बनवतो. मार्ग, हवामान, इंधन आणि त्यासोबत नोटॅमचा गठ्ठा. निघण्याचा विमानतळ, उतरण्याचा विमानतळ, वाटेतला प्रदेश आणि पर्यायी विमानतळ या सगळ्यांचे नोटॅम त्यात असतात. वैमानिक ते टॅबलेटवर किंवा कागदावर वाचतात.

नोटॅमची भाषा मात्र सांकेतिक असते. मुंबई विमानतळ तिथे 'व्हीएबीबी' या चार अक्षरांनी ओळखला जातो. पूर्ण विमानतळ बंद असेल तर एक संकेत, फक्त धावपट्टी बंद असेल तर दुसरा. सुरू आणि संपण्याची वेळ दहा आकड्यांत लिहितात. आधी वर्ष, मग महिना, तारीख, तास आणि मिनिटं. १७ ऑक्टोबर २०२४ची सकाळी ११ची वेळ तिथे २४१०१७०५३० अशी दिसते.

सूचना बदलूही शकते. जुन्या नोटॅमची जागा घेणारा नवा नोटॅम निघतो किंवा तो रद्द करणारा. मे २०२५ मध्ये हेच झालं. १५ तारखेपर्यंत बंद असलेले ३२ विमानतळ १२ मे रोजीच खुले झाले. म्हणजे कालचा गठ्ठा आज उपयोगाचा नाही.

इंधनही याच हिशोबाने भरतात. ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्यापुरतं, वाटेतल्या अडचणींसाठी थोडं जास्त, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं आणि त्याही वर जेट विमानासाठी साधारण ३० मिनिटांचं राखीव.

आणि विमान हवेत असताना?

१ जुलै २०१९च्या रात्री जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं बोईंग ७३७ मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीच्या पुढे जाऊन अडकलं. मुख्य धावपट्टी बंद झाली, ती ५ जुलैला पुन्हा सुरू झाली. दरम्यान पन्नासच्या वर विमानं दुसरीकडे वळवावी लागली. त्या क्षणी मुंबईकडे येत असलेल्या वैमानिकांच्या कागदांवर मात्र ही धावपट्टी सुरूच होती.

अशा वेळी माहिती तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट हवाई वाहतूक नियंत्रकाची. तो रेडिओवरून थेट सांगतो. दुसरी 'एटिस'ची. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा हा ध्वनिमुद्रित संदेश असतो. त्यात हवामान आणि वापरात असलेली धावपट्टी सांगतात. काही बदललं की संदेश नवा होतो आणि त्याचं अक्षरही बदलतं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं. उतरण्याआधी वैमानिक आपल्याकडे कोणत्या अक्षराचा संदेश आहे ते नियंत्रकाला सांगतो, म्हणजे शिळी माहिती लगेच पकडली जाते. तिसरी वाट कंपनीची. डिस्पॅचर 'एकार्स' यंत्रणेवरून कॉकपिटमध्ये लेखी संदेश पाठवतो.

मग वैमानिक इंधन बघतो. किती वेळ घिरट्या घालता येतील, कधी पर्यायी विमानतळाकडे वळायचं, हे तिथे ठरतं. जमिनीवर भरलेलं ते जास्तीचं इंधन इथे कामी येतं.

सूचना निघाली म्हणजे पोहोचली असं नाही

७ जुलै २०१७ रोजी रात्री एअर कॅनडाचं एअरबस विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांनी सुरू असलेल्या धावपट्टीलाच बंद धावपट्टी समजून तिच्या शेजारच्या टॅक्सीमार्गाकडे विमान नेलं. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून जेमतेम १८ मीटरपर्यंत खाली आलं आणि मग वर उचललं गेलं. बंदची सूचना त्यांच्याकडे होती, पण २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने नंतर नोटॅम मांडण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं.

३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेईत तेवढं नशीब नव्हतं. वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं विमान कामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उडू लागलं आणि बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. ८३ जण गेले. ती धावपट्टी बंद असल्याचं वैमानिकांना माहीत होतं. आपण दुसऱ्याच धावपट्टीवर आहोत असं त्यांना वाटत होतं.

म्हणून बंद धावपट्टीवर मोठी फुली आखतात, दिवे मालवतात, अडथळे लावतात. कागद, रेडिओ आणि डोळे, तिघांनीही तीच गोष्ट सांगावी लागते.

आपल्यासाठी

पुढच्या वेळी 'विमानतळ बंद' असा नोटॅमचा स्क्रीनशॉट फिरत आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. चार अक्षरं कोणत्या विमानतळाची आहेत? बंद विमानतळ आहे की फक्त एक धावपट्टी? आणि वेळेत साडेपाच तास मिळवले का? ती सूचना नंतर बदलली किंवा रद्द झाली का, हे मात्र चित्रात दिसणार नाही. त्यासाठी निघण्याआधी विमान कंपनीकडेच चौकशी करा.